बेचाळीस खिळे आणि सहा तारा

आमच्या घरात एखादी वस्तू मोडली तर ती मोडल्याचं मला काही वाटत नाही. आता ती दुरुस्त होणार, याचा मात्र धसका बसतो.

दुरुस्ती आमचे हे करतात. गल्लीत यांना पक्केकाका म्हणतात. कारण काहीही ठोकून झालं की हे हातोडी खाली ठेवतात, दोन पावलं मागे सरकतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "आता पक्कं झालं." हे शब्द कानावर पडले की मी समजते, गेली वस्तू. एक खुर्ची डुगडुगायची. तिला यांनी चारी बाजूंनी पट्ट्या मारल्या. आता ती डुगडुगत नाही, पण उचलायला दोन माणसं लागतात आणि पाहुण्यांचे कपडे अडकतात. छत्री पक्की केली, ती मिटत नाही. कपाटाचा एक खण सारखा बाहेर घसरायचा. तो पक्का केला, तो सहा वर्षं उघडला नाही. माझा चष्मा त्या खणात होता.

"त्याचा काही दोष नाही गं," असं सासूबाई म्हणायच्या. त्या आई होत्या, त्या म्हणणारच. यांनी एकतीस वर्षं कारखान्यात खोके बनवले. यंत्रांचे सुटे भाग गावोगाव पाठवायचे, त्यांचे लाकडी खोके. एकतीस वर्षांत आपला एकही खोका वाटेत उघडला नाही, हे यांचं भूषण. निवृत्तीच्या समारंभात मोठ्या साहेबांनी भाषणात नेमकं तेच सांगितलं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माल उतरवून घेणारा एक माणूस बसला होता, तो टाळ्या वाजवता वाजवता पुटपुटला, "पोचल्यावरही उघडत नाहीत." त्याला ठाऊक नव्हतं मी कोण ते. मी म्हटलं, "मला सांगताय?"

खोका झाला की त्यावर काळ्या रंगानं 'नाजूक' असा शिक्का मारायचा, आणि बाण काढून 'ही बाजू वर'. आत काय आहे ते यांना ठाऊक नसायचं आणि विचारावंसंही कधी वाटलं नाही. नाजूक म्हणजे खिळे जास्त, एवढंच शास्त्र.

आता आमच्या लेकीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

लेक एकुलती एक. शाळेत संगीताच्या बाई होत्या, त्यांनी निवृत्त होताना आपली जुनी गिटार हिला दिली. तेव्हाही ती जुनीच होती, कडेचा रंग उडालेला, पण आवाज असा की मी भाजी चिरताना सुरी थांबवून ऐकायची. पोरगी अभ्यास करायची, परीक्षा द्यायची, आणि उरलेला सगळा वेळ त्या गिटारीला बिलगून बसायची. पुढे यांनी चार जणांचे पाय धरून तिला कारखान्याच्या ऑफिसात चिकटवलं. पाच महिने तिनं रजिस्टरं भरली आणि एका संध्याकाळी येऊन म्हणाली, "मी राजीनामा दिला. आमच्या ग्रुपबरोबर कार्यक्रम करणार आहे."

झालं! "पक्की नोकरी सोडून टिणटिण करणार?" इथून सुरुवात. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, भिंतींनी ऐकलं तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी लेक बाहेर गेली असताना हे भर दुपारी घरी आले, फळ्या काढल्या, माप घेतलं, आणि गिटार खोक्यात घालून खिळे ठोकले. बेचाळीस. वर 'नाजूक'चा शिक्का, 'ही बाजू वर'चा बाण, आणि खोका माळ्यावर. मी म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?" म्हणाले, "मी काय फेकतोय का? सांभाळून ठेवतोय. डोकं थंड झालं की देईन."

संध्याकाळी ती आली. खोका बघितला आणि एवढंच म्हणाली, "उघडा." हे म्हणाले, "महिनाभर थांब." ती थांबली नाही. सकाळी एक बॅग घेऊन गेली.

याला अकरा वर्षं झाली. दुसऱ्या शहरात तिनं आपलं आपण बस्तान बसवलं, लग्न केलं, मुलगी झाली. दर रविवारी माझ्याशी अर्धा तास फोनवर बोलते. यांच्यासाठी ठरलेले तीन शब्द, "बरे आहेत ना?" मी फोन हातात धरून यांच्याकडे बघून विचारायचं, "बरे आहात ना?" यांनी पेपरामागून म्हणायचं, "बरा आहे." मी फोनमध्ये सांगायचं, "बरे आहेत." अकरा वर्षं मी पोस्टमनकी केली, तीही बिनपगारी. दोनदा ती घरी येऊन गेली, तासाभरासाठी. दोन्ही वेळा हे नेमके गच्चीवर टाकी पक्की करायला गेलेले.

आणि मग एका रविवारी तिनं विचारलं, "आई, माझी गिटार आहे का गं अजून? का देऊन टाकली कुणाला? पोरगी शिकायचं म्हणतेय."

मी तोंड उघडायच्या आत पेपर खाली आला. यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "देऊन टाकली म्हणजे? आहे! जशीच्या तशी आहे! एक ओरखडा सापडला तर नाव बदलीन!"

मला वाटलं फोन ठेवला तिनं. मग आवाज आला, "बरं, बाबा. मग आम्ही दोघी येतो. तिला सुट्टी लागली की. आजपासून एकोणिसाव्या दिवशी. आठवडाभर राहू."

आठवडाभर! मला तेवढंच हवं होतं हो. या दोघांनी एका खोलीत बसावं, आणि मध्ये मी नसावं. बाकी देवानं काही नाही दिलं तरी चालेल.

यांनी फोन ठेवला आणि शिडी आणायला गेले.

खोका काढायला सकाळ गेली. बेचाळीस खिळे यांनी एकेक करून उपटले, प्रत्येक सरळ करून डबीत टाकला, आणि दर खिळ्याला म्हणायचे, "बघ, कसा बसलाय! निघत नाहीये!" माळ्यावर पत्रा आहे. उन्हाळ्यात तिथे हात लावला तर चटका बसतो. पण खोका अगदी नवा कोरा. झाकण निघालं, आतला भुसा बाजूला केला, गिटार बाहेर आली. यांनी ती उजेडात फिरवून फिरवून बघितली. "एक ओरखडा नाही! मी काय म्हणत होतो?"

ओरखडा नव्हता, खरं आहे. मी जवळ जाऊन बघितलं. गिटारीचं पोट फुगून वर आलं होतं. पोटावर ती लाकडाची आडवी घोडी असते ना, जिच्यात तारांची टोकं अडकवतात, ती मागच्या बाजूनं उखडली होती. खाली पोस्टकार्ड सहज सरकलं असतं. तिथून खालच्या कडेपर्यंत लाकडात एक बारीक चीर. आणि गिटार हलवली की आत काहीतरी खडखडायचं.

"हे कुणी केलं?" यांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"मी नाही," मी म्हटलं.

"उंदीर असणार."

"उंदरानं आत शिरून पोट फुगवलं आणि जाताना बेचाळीस खिळे परत ठोकले?"

यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"आपण वाद्यवाल्याकडे नेऊ या," मी म्हटलं.

"लाकडाचं काम आहे. लाकडाच्या कामासाठी मी दुसऱ्याकडे जाऊ? मी?"

मग चार दिवस आमच्या बाहेरच्या खोलीत जे चाललं होतं, त्याला मीही जबाबदार आहे, हे आधीच कबूल करते. यांचा पंजा गिटारीच्या मधल्या भोकातून आत जाईना. माझा जातो. त्यामुळे यांनी प्लायवुडच्या तीन जाड पट्ट्या कापल्या, त्यांना पांढरा गम थापला, आणि मी त्या आत नेऊन फुगलेल्या पोटाला खालून चिकटवल्या. कोपरापर्यंत हात आत घालून मी तासभर गिटारीवर ओणवी, आणि हे वरून हुकूम सोडतायत, "डावीकडे! अगं, माझ्या डावीकडे!" पोट वरून दाबायला मसाला वाटायचा दगड ठेवला. घोडीखाली गम ओतला आणि वर चार स्क्रू, वायसरसकट. चिरेत भुसा आणि गम कालवून भरला. मग सगळ्यावर वॉर्निशचे तीन हात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नव्या तारा चढवल्या. हे दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी केली.

"आता पक्कं झालं."

"वाजवून बघा," मी म्हटलं.

यांनी एक तार छेडली. ठक्. दुसरी छेडली. ठक्. मला वाटलं दारावर कुणी आलंय.

"आवाज जरा दबलाय," हे म्हणाले. मग दोन्ही तळवे गिटारीच्या पोटावर ठेवून सगळा भार टाकला. "पण हलतंय का बघ! यावर बसलीस तरी काही होणार नाही."

मला इतका संताप आला! "ती काय बसायला येतेय का?" मी ओरडले. "अकरा वर्षांनी पोरगी एक वस्तू मागतेय. एकच! आणि तुम्ही तिच्या हातात पाट देणार?" माझा आवाज चढला की हे साधारणपणे गच्चीवर जातात. त्या दिवशी गेले नाहीत. खोक्याच्या कडेवर बसले आणि नखानं वॉर्निश खरवडत राहिले.

वाद्यवाल्याचं दुकान जिन्याखाली आहे. आम्ही चादरीत गुंडाळून गिटार नेली, रिक्षात मांडीवर आडवी धरून. वाद्यवाले म्हातारे, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी झापड. म्हणाले, "महिनाभर बारीक काम बंद आहे. पण द्या इकडे, ऐकतो." बघतो नाही, ऐकतो. बोटाच्या पेरानं त्यांनी गिटारीवर एकदा टकटक केलं आणि विचारलं, "हे टेबल कुणी बनवलं?"

मी खोकले. हे छताकडे बघत होते.

म्हाताऱ्यांनी भोकातून दोन बोटं घालून आतल्या पट्ट्या चाचपल्या, स्क्रू चाचपले, एक सुस्कारा सोडला. मग विचारलं, "मुळात घोडी कशी उखडली?"

"काही कल्पना नाही," हे म्हणाले. "अकरा वर्षं अगदी बंदोबस्तात होती. खोक्यात. हलायला जागा नव्हती."

"तारा उतरवून ठेवली होती का?"

"तारा? नाही. होती तशी. अगदी होती तशी ठेवली."

"ताणलेल्या?"

"होत्या तशा."

वाद्यवाल्यांनी गिटार मांडीवर घेतली. "अहो, या सहा तारा मिळून किती ओढतात ठाऊक आहे? एक धडधाकट माणूस त्या घोडीला लोंबकळतोय असं समजा. रोज वाजवणारा माणूस बघतो, सैल करतो, हवा बदलली की सांभाळून घेतो. तुमच्याकडे तो माणूस अकरा वर्षं लोंबकळत राहिला, वरून पत्र्याची उष्णता, आणि बघायला कुणी नाही. खोका फोडून कुणी आत आलं नाही, ते खरं. पण हिला आतूनच ओढ बसत होती. कुठल्या शहाण्यानं ताणलेल्या तारांसकट बंद केली ही?"

मी यांच्याकडे बघितलं. हे चपलेचा अंगठा नीट करत होते.

"आहेत एक ओळखीचे," हे म्हणाले.

"त्यांना सांगा, वस्तू बंद करायच्या आधी तिचा ताण उतरवायचा असतो."

"सांगतो."

म्हाताऱ्यांनी मग सगळं समजावलं. घातलेल्या पट्ट्या काढा. स्क्रू काढा. वॉर्निश घासून काढा. आत मूळची एक आडवी काडी आहे, ती एका टोकाला सुटलीय, खडखडतेय ती तीच. ती परत चिकटवा, गम थेंबभर. वजन दोन किलोच्या वर नको. "आणि लक्षात ठेवा, या लाकडाला हलता आलं पाहिजे. हलतं म्हणून वाजतं."

इथे मात्र यांना राहवलं नाही. "हलणारं लाकूड म्हणजे सुटलेलं लाकूड."

"खोक्यात," म्हातारे म्हणाले.

घरी आल्यावर यांनी जे केलं, ते मी लग्नानंतर प्रथमच बघत होते. यांनी आपण ठोकलेलं काढायला घेतलं.

आता काढणं हे काम यांना येत नाही. एकतीस वर्षं ते दुसरे कुणीतरी, दुसऱ्या गावी, शिव्या देत करत होते. यांनी पहिला स्क्रू काढायला अर्धा तास घेतला आणि शेवटी घाम पुसत म्हणाले, "कुठल्या गाढवानं एवढा आवळलाय!" माणूस शिकत असताना टोकू नये. पण मान खाली घालून हसून घेतलं.

पट्ट्या काढायची युक्ती अशी की वरून ओला कपडा ठेवून त्यावर इस्त्री फिरवायची, गम मऊ पडला की आतून पातळ सुरी सरकवायची. इस्त्री यांची, सुरी माझी, कारण हात माझाच जातो. दोन बोटं भाजली. दुसऱ्या पट्टीला यांनी इस्त्री जरा जास्त टेकवली आणि लाकडावर एक तपकिरी डाग पडला. "अहो!" मी म्हटलं. हे इतके घाबरले की इस्त्री बंद करून बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "जास्त झालं गं." एरवी वस्तू जळली तर हा माणूस इस्त्रीला दोष द्यायचा! मी म्हटलं, "होऊ दे. कमी करा, आणि करा पुढे."

तिसरी पट्टी निघाली तेव्हा मी आत तळाशी चाचपलं. वाजवायच्या प्लॅस्टिकच्या नख्या सापडल्या, पाच. लेकीच्या हातून वाजवता वाजवता आत पडायच्या आणि ती गिटार उलटी करून झटकत बसायची. आणि केसांची एक पिन. मी त्या यांच्या हातावर ठेवल्या. यांनी मोजल्या, मग खिळ्यांच्या डबीतले खिळे कोपऱ्यात ओतले, डबी पुसली आणि नख्या तीत ठेवल्या. पिनही.

मग ती सुटलेली काडी. यांनी एका बोल्टवर नट चढवून, नट फिरवला की लांब होणारा छोटासा टेकू बनवला, आतून काडी दाबून धरायला. अक्कल नाही असं नाही हो या माणसाला. गम काडेपेटीच्या काडीनं लावला, थेंबभर. लावला आणि लगेच डब्याकडे हात गेला. मी हातावर चापट मारली. घोडी बसवली, वर दोन किलो वाळूची पिशवी, आणि आता दोन दिवस हात लावायचा नाही.

ते दोन दिवस यांना फार जड गेले. दर तासाला येऊन उभे राहायचे. "एक छोटा खिळा..." "नाही." "दिसणार नाही असा..." "नाही म्हटलं ना!" शेवटी मी म्हटलं, "हात शिवशिवतायत ना? मग तो खण उघडा." हे गेले. इस्त्री, सुरी, पकड, सगळं घेऊन गेले. दुपारपर्यंत खण उघडला. सहा वर्षांनी चष्मा मिळाला. घालून बघितला, तर नंबर बदललेला. तरी घालून बसले मी दिवसभर, सगळं धुरकट दिसत असूनही.

सतराव्या दिवशी तारा पुरत्या चढल्या. हळूहळू, रोज थोड्या, म्हाताऱ्यांनी सांगितलं तशा. यांनी एक तार छेडली आणि दोघंही दचकलो. आवाज गेला तो पार स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि भांड्यांत थोडा वेळ राहिला. जाडी तार जरा झणझणत होती. चीर दिसत होती, गमाची रेघ दिसत होती, घोडीवर स्क्रूची चार भोकं बुजवलेली दिसत होती, आणि इस्त्रीचा डाग तर दारातून दिसत होता.

"तिला काय सांगणार?" मी विचारलं.

"काय सांगायचंय? जुनी वस्तू आहे. हवामानानं होतं."

"हवामानानं इस्त्रीचा डाग पडतो?"

हे डागावर बोट फिरवत राहिले.

एकोणिसाव्या दिवशी दोघी आल्या. नात आठ वर्षांची, बडबडी, कुणावर गेलीय ते सांगायला नको. आल्या आल्या खुर्ची ओढायला गेली आणि म्हणाली, "आजोबा, ही खुर्ची जमिनीला चिकटवलीय का?" लेकीनं हसू दाबलं. यांच्या पाया पडली, यांनी "हं हं" केलं, आणि दोघंही खोलीच्या दोन टोकांना बसले. मध्ये मी. मी मनात म्हटलं, संपलं, हा आठवडा असाच जाणार, "बरे आहेत ना" आणि "बरा आहे".

मग हे उठले, आतून गिटार आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. परत जाऊन बसले नाहीत. तिथेच उभे.

ती वाजवणारी आहे, तिला काय लागतं कळायला! तिचं बोट चिरेवरून गेलं, घोडीवरून गेलं, बुजवलेल्या चार भोकांवर एकेक करून थांबलं, आणि डागाशी आलं. तिनं वर बघितलं.

"जशीच्या तशी?" ती म्हणाली.

मी पदर मुठीत धरला. हे म्हणाले, "ते काय आहे, हवामान..." आणि थांबले. "हवामान नाही. मी तारा सैल न करता बंद केली. ताण होता, आणि मी वरून खिळे मारले. मग नीट करायला गेलो, त्यात आणखी घाण केली. डाग माझा आहे. भोकंही माझीच." मग खालच्या आवाजात, "माझं चुकलं गं."

लग्नाला चाळीस वर्षं झाली. हे दोन शब्द या घरात त्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मला रडू कोसळलं, आणि मी ते लपवलंही नाही. नात विचारत होती, "आजी का रडतेय?"

लेक बराच वेळ खुंट्या पिळत बसली. सूर लावत होती. मान खाली होती, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. सूर लागले. मग तिनं हात पुढे केला, यांचा पंजा धरला आणि घोडीच्या खाली, लाकडावर, बरोबर त्या डागावर ठेवला.

"दाबू नका," ती म्हणाली. "नुसता ठेवा."

आणि तिनं सहाही तारांवरून हात फिरवला.

यांनी हात चटकन उचलला, जसा काही चटका बसला. मग परत ठेवला. तिनं पुन्हा वाजवलं.

"हलतंय," हे म्हणाले.

मी वाट बघत होते, हे आता हातोडी आणायला जातात की काय. गेले नाहीत. ती वाजवत राहिली आणि हे वाकून, हात ठेवून उभे. कंबर दुखते म्हणून एरवी दोन मिनिटं वाकत नाहीत.

आठवडा बघता बघता गेला. नातीनं त्या नख्यांची डबी ताब्यात घेतली आणि पहिल्याच दिवशी त्यातल्या दोन परत गिटारीत पाडल्या. माझा हात आत जातो, तिचा त्याहून सहज जातो. बापलेक फार बोलले असं नाही. ती वाजवायची, हे समोर बसायचे, आणि जाडी तार झणझणली की दोघंही एकदम त्या तारेकडे बघायचे. पण मध्ये मी नव्हते.

निघायच्या दिवशी यांनी सकाळीच चादर धुवून वाळवून ठेवली होती, गिटार गुंडाळायला. बॅगा दारात आल्या. हे चादर हातात घेऊन उभे.

"खोका करून दिला असता," हे म्हणाले. "पण नको म्हटलं."

"चादरही नको, बाबा," लेक म्हणाली. चप्पल घालत होती, वर न बघता बोलली. "इथेच राहू दे. पुढच्या सुट्टीत आलो की लागेल. दरवेळी कोण एवढी वागवणार?"

रिक्षा वळेपर्यंत हे दारात उभे होते. मग आत गेले. मी पायरीवरच बसले होते. वाटलं, आता गच्चीवर जातील. पण आतून आवाज यायला लागला. एक सूर, तो खाली खाली उतरत जायचा आणि थांबायचा. मग दुसरा. हे खुंट्या फिरवत होते, एकेक तार सैल करत होते.

मी मोजत बसले. सहावी होईपर्यंत आत गेले नाही.